हातातल्या टेस्टरने गाडीची बॅटरी घरी तपासताना

हातात मावणाऱ्या बॅटरी टेस्टरला दोन चिमटे, चार-पाच बटणे आणि एक लहानसा पडदा असतो. चिमटे लावून बटण दाबले की काही सेकंदांत ‘बॅटरी चांगली आहे’ किंवा ‘बॅटरी बदला’ असा निकाल पडद्यावर उमटतो आणि बहुतेक लोक तेवढाच वाचून यंत्र पुन्हा खोक्यात ठेवून देतात. माझ्या मते हा निकाल म्हणजे त्या यंत्राचा सर्वांत कमी भरवशाचा भाग होय. त्याच्या आजूबाजूला जे तीन-चार आकडे दिसतात त्यांतून बॅटरीची खरी हकीकत कळते, आणि ते आकडे खरे येण्यासाठी चिमटे लावण्याआधीची तयारी व्हावी लागते. म्हणून या लेखात बटण दाबण्याच्या आधीच्या गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

आधी हे यंत्र नेमके काय मोजते ते पाहू. बॅटरी तपासण्याची जुनी पद्धत भाराची होती. बॅटरीला जाड तारांनी एक मोठा रोध जोडून, तिच्या लेबलावरील सीसीएच्या (थंडीत सेल्फ फिरवण्यासाठी ती किती अॅम्पिअर देऊ शकते त्या आकड्याच्या) निम्मा विद्युतप्रवाह १५ सेकंद खेचायचा आणि तेवढ्या वेळात व्होल्टेज ९.६ च्या खाली जाते का ते पाहायचे. ही चाचणी चांगली आहे, पण तिचे उपकरण जड असते, तापते, आणि मुळात बॅटरी भरलेली असल्याशिवाय तिला अर्थ नसतो. हातातला टेस्टर असा मोठा प्रवाह खेचत नाही. तो बॅटरीत लहानसा बदलता विद्युतसंकेत सोडतो, बॅटरी त्याला कसा प्रतिसाद देते ते मोजतो आणि त्यावरून तिची वाहकता किंवा अंतर्गत रोध काढतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे प्राध्यापक कीथ चॅम्पलिन यांनी १९७० च्या दशकात या पद्धतीवर काम करून पेटंट मिळवले आणि आजचे बहुतेक छोटे टेस्टर याच तत्त्वावर चालतात. बॅटरी वापरात जुनी होत जाते तसतसा प्लेटांवरचा लेप गळतो, त्यांच्या जाळ्या गंजतात, सल्फेटचा कडक थर बसतो, आणि विद्युतप्रवाह देऊ शकणारे प्लेटांचे क्षेत्रफळ घटते. क्षेत्रफळ घटले की वाहकता घटते. पडद्यावर दिसणारा सीसीएचा आकडा या वाहकतेवरून बांधलेला अंदाज असतो. बॅटरीने तेवढे अॅम्पिअर प्रत्यक्ष देऊन दाखवलेले नसतात. तसेच बॅटरीत एकूण किती अॅम्पिअर-तास साठा उरला आहे, हे या पद्धतीने कळत नाही. सीसीए उत्तम दाखवणारी बॅटरी दिवे चालू राहिले तर अपेक्षेपेक्षा लवकर उतरू शकते, आणि त्यात टेस्टरची चूक नसते.

चिमटे लावण्याआधी

लेड-अॅसिड बॅटरी चार्ज होत असताना आणि त्यानंतरही काही काळ हायड्रोजन बाहेर पडतो. हवेत त्याचे प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून जागा हवेशीर असावी, जवळ विडी-सिगारेट किंवा कोणतीही ज्योत नसावी, आणि गाडी नुकतीच चालून आली असेल किंवा चार्जर नुकताच काढला असेल तर बॉनेट उघडून काही वेळ तशीच राहू द्यावी. डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा, कारण आतले द्रव गंधकाम्ल असते. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. टेस्टरने कोणी भाजत नाही हे खरे, पण टर्मिनल साफ करताना पाना हातात येतो, आणि तो पाना धन टर्मिनल व गाडीच्या पत्र्याला एकाच वेळी टेकला तर काय होते हे ज्याने एकदा पाहिले आहे तो अंगठी विसरत नाही. बॅटरीचा डबा फुगलेला, तडकलेला, गळणारा किंवा थंडीने गोठलेला असेल तर तिची चाचणी करू नये, आणि चार्जिंग तर मुळीच करू नये.

गाडी बंद करून किल्ली काढावी, दारे लावावीत, आतला दिवा विझू द्यावा. अलीकडच्या गाड्यांतील संगणक किल्ली काढल्यावरही बराच वेळ जागे राहतात आणि काही अॅम्पिअर खात असतात. ते झोपी जाण्यास काही मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत वेळ लागतो. बॉनेट उघडे ठेवून थोडे थांबण्याचा हाही एक फायदा.

याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे वरवरचा चार्ज. गाडी चालवून आणल्यावर किंवा चार्जरवरून काढल्यावर बॅटरीच्या प्लेटांच्या पृष्ठभागावर जो चार्ज जमलेला असतो तो व्होल्टेज फुगवून दाखवतो. १२.९ किंवा १३.१ असा आकडा पाहून बॅटरी काठोकाठ भरली आहे असे वाटते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच बॅटरी १२.३ वर आलेली असते. सर्वांत खरा आकडा गाडी रात्रभर उभी राहिल्यावर, सकाळी पहिला सेल्फ मारण्यापूर्वी मिळतो. तेवढे थांबणे शक्य नसेल तर हेडलाइट दोन-तीन मिनिटे चालू ठेवून बंद करावेत, आणखी पाच मिनिटे जाऊ द्यावीत आणि मग मोजावे. काही टेस्टर स्वतःच ‘हेडलाइट लावा’ अशी सूचना देतात. ती टाळून पुढे जाण्याचे बटण असले तरी ते दाबू नये.

टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी जमली असेल तर ती आधी काढावी. क्लॅम्प सोडवायचे असल्यास प्रथम ऋण, नंतर धन, आणि परत जोडताना प्रथम धन, शेवटी ऋण हा क्रम मोडू नये. तारा सोडवल्यास गाडीतील घड्याळ, रेडिओचा कोड, खिडक्यांच्या काचांची शिकवलेली स्थिती इत्यादी पुसले जाऊ शकते, म्हणून नुसत्या चाचणीसाठी क्लॅम्प काढण्याची गरज नाही. खाण्याच्या सोड्याचे पाणी आणि जुना टूथब्रश बहुतेक वेळा पुरतो. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणातून आत मात्र जाऊ देऊ नये. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, कारण त्या भुकटीत शिसे असते.

लेबलावरचा आकडा

टेस्टर सुरू होताच तो तीन गोष्टी विचारतो. बॅटरीचा प्रकार कोणता, मानक कोणते आणि त्या मानकानुसार सीसीए किती. चाचणी फसते ती बहुधा येथेच, कारण टेस्टर मोजलेल्या आकड्याची तुलना तुम्ही भरलेल्या आकड्याशी करतो. भरलेला आकडा चुकला तर निकाल चुकणारच.

सीसीए म्हणजे थंडीत सेल्फ फिरवण्यासाठी बॅटरी किती अॅम्पिअर देऊ शकते त्याचे माप. मापन शून्याखाली १८ अंश सेल्सिअसला होते, पण प्रत्येक मानकाची अट वेगळी आहे. अमेरिकी एसएई मानकात बॅटरीने तो प्रवाह ३० सेकंद देऊन व्होल्टेज ७.२ च्या खाली जाता कामा नये. युरोपीय ईएन मानकात १० सेकंदांनंतर ७.५ व्होल्ट पाहतात. जुन्या जर्मन डीआयएन मानकात ३० सेकंदांनंतर ९ व्होल्ट टिकावे लागतात. ही अट सर्वांत कडक असल्यामुळे त्याच बॅटरीचा डीआयएनमधील आकडा एसएईमधील आकड्याच्या साधारण ०.६ पट येतो. ईएन आणि एसएई यांचे आकडे मात्र बरेच जवळ असतात.

या फरकाने मला एकदा चांगलेच फसवले. लेबलावर ३०० अॅम्पिअर आणि शेजारी बारीक अक्षरांत डीआयएन असे छापलेले होते. मी ३०० भरले, पण टेस्टर आधीच्या वापरापासून एसएईवर राहिलेला होता. त्याने ३३५ मोजले आणि आरोग्य १०० टक्के, बॅटरी उत्तम, असा निकाल दिला. तीन आठवड्यांनी गाडी उभ्या जागेवरून हलेना. मानक बदलून पुन्हा मोजल्यावर पडद्यावर ३०० पैकी २०१, आरोग्य ६७ टक्के, असे आले. बॅटरी दोन्ही वेळा तीच होती आणि यंत्राने मोजलेही बरोबर होते. मी विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. उलट दिशेनेही हे घडते. ईएनमधील ५०० हा आकडा डीआयएनच्या खान्यात भरला तर टेस्टर जवळपास ८०० सीसीएच्या बॅटरीची अपेक्षा धरतो आणि धडधाकट बॅटरीला ‘बदला’ म्हणतो.

लेबलावर बहुधा ‘४५ एएच’ (अॅम्पिअर-तास) असाही आकडा ठळक छापलेला असतो. तो साठ्याचा आकडा आहे, सीसीएचा नव्हे, आणि त्यावरून सीसीए काढण्याचे कोणतेही विश्वसनीय सूत्र नाही. जपानी पद्धतीच्या बॅटरीवर ‘५५बी२४एल’ असा संकेत असतो. त्यातील ५५ हा कामगिरीचा निर्देशांक, बी हा रुंदी-उंचीचा गट, २४ ही सेंटीमीटरमधील लांबी आणि शेवटचे अक्षर टर्मिनल कोणत्या बाजूला आहे ते सांगते. येथे ५५ म्हणजे ५५ अॅम्पिअर-तास नव्हेत आणि सीसीए तर नव्हेच. टेस्टरमध्ये जेआयएस (जपानी मानक) हा पर्याय असेल तर यादीतून पूर्ण संकेत निवडता येतो. तो नसेल तर उत्पादकाच्या माहितीपत्रकातून सीसीए शोधून काढावा. लेबल फाटलेले असेल आणि आकडा कोठेच सापडत नसेल तर अंदाजाने काही भरून येणाऱ्या टक्केवारीवर विश्वास ठेवण्यापेक्षा केवळ व्होल्टेज व अंतर्गत रोध पाहावा आणि टक्केवारीकडे दुर्लक्ष करावे.

प्रकाराच्या बाबतीत साधी द्रवाची, ईएफबी (द्रवाचीच, पण सुधारित), एजीएम (काचतंतूंच्या चटईत द्रव शोषून ठेवलेली) आणि जेल (द्रवाऐवजी घट्ट जेल असलेली) असे पर्याय दिसतात. सिग्नलवर थांबताच इंजिन आपोआप बंद करणाऱ्या गाड्यांत ईएफबी किंवा एजीएम असते आणि तसे डब्यावर लिहिलेले असते. ज्या टेस्टरवर लिथियमचा पर्याय नाही त्याने लिथियम बॅटरी मोजू नये, आकडा निरर्थक येईल. हायब्रिड किंवा विद्युत गाडीतील छोटी १२ व्होल्टची लेड-अॅसिड बॅटरी या टेस्टरने तपासता येते, पण उच्च व्होल्टेजच्या नारिंगी रंगाच्या तारांच्या जवळपासही चिमटे नेऊ नयेत.

चिमटा कोठे टेकतो

लाल चिमटा धन टर्मिनलला, मग काळा ऋण टर्मिनलला. उलटे लागले तर चांगले टेस्टर नुसती सूचना देतात, पण सर्वच टेस्टर चांगले नसतात. चिमटा बॅटरीतून वर आलेल्या शिशाच्या खुंटाला लागला पाहिजे, क्लॅम्पच्या पोलादी बोल्टला नव्हे. बोल्टला लावल्यास बॅटरीसोबत त्या सांध्याचा रोधही मोजला जातो आणि दोष बॅटरीच्या माथी येतो.

चिमट्याचे दोन्ही जबडे नीट न्याहाळले तर अनेक टेस्टरमध्ये प्रत्येक जबड्याला स्वतंत्र तार आलेली दिसते. एका जबड्यातून संकेत जातो, दुसऱ्यातून व्होल्टेज मोजले जाते, त्यामुळे तारेचा स्वतःचा रोध मोजणीत मिसळत नाही. पण याचाच अर्थ असा की दोन्ही जबडे शिशाला टेकले पाहिजेत. एक जबडा शिशाला आणि दुसरा प्लॅस्टिकच्या झाकणाला टेकला असेल तर मोजणी बिघडते. जेथे काही हजारांश ओहम मोजायचे असतात तेथे धुळीचा पातळ थरही मोठा ठरतो. चिमटा लावल्यावर तो खुंटाभोवती दोन-तीनदा डावी-उजवीकडे फिरवावा, म्हणजे त्याचे दात शिशाच्या काळपट थरातून आत चमकत्या धातूपर्यंत जातात. एकाच बॅटरीवर चिमटा न फिरवता मला ७.४ मिलिओहम आणि फिरवल्यावर ५.८ मिलिओहम मिळालेले आहेत, आणि त्या दोन आकड्यांमध्ये ‘बदला’ आणि ‘चांगली’ एवढे अंतर होते. म्हणून एकच चाचणी करून थांबू नये. चिमटे काढून, पुन्हा लावून किमान तीनदा मोजावे. तिन्ही आकडे जवळजवळ सारखे आले तरच ते लिहून घ्यावेत.

बॅटरी डिकीत किंवा सीटखाली असलेल्या गाड्यांत बॉनेटखाली जंप-स्टार्टसाठी एक धन टोक दिलेले असते. तेथे मोजणे सोयीचे आहे, पण मधल्या लांब तारेमुळे आकडा खराब दिसतो. गालिचा उचलून खऱ्या बॅटरीपर्यंत जाण्याचा त्रास घ्यावा. दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या असतील तर त्या सोडवून स्वतंत्रपणे तपासाव्यात, नाहीतर चांगली बॅटरी वाईट बॅटरीला पाठीशी घालते.

तापमान विचारणाऱ्या टेस्टरला बॅटरीचे तापमान हवे असते, हवेचे नव्हे. रात्रभर उभ्या गाडीत दोन्ही एकच असतात, पण चालून आलेल्या गाडीच्या बॉनेटखाली बॅटरी हवेपेक्षा बरीच गरम असते. गरम बॅटरीची वाहकता वाढलेली दिसते आणि थंड बॅटरीची घटलेली. शून्याच्या आसपास किंवा खाली मोजायचे असेल तर तापमानाचा प्रश्न वगळून पुढे जाऊ नये.

आकडे एकमेकांशेजारी ठेवून

सर्वांत आधी व्होल्टेज पाहावे. १२ व्होल्टच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे सहा सेल असतात, त्यामुळे विश्रांती घेतलेली भरलेली साधी बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते आणि एजीएम १२.८ च्या वर. साध्या बॅटरीत १२.४ म्हणजे सुमारे तीन-चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे एक-चतुर्थांश भरलेली, आणि ११.८-११.९ म्हणजे उतरलेली. या मोजपट्टीत एक दशांश व्होल्ट म्हणजे बॅटरीचा मोठा हिस्सा, त्यामुळे ‘बारा आहेत ना, मग ठीक आहे’ असे म्हणणाऱ्याची बॅटरी जवळजवळ उतरलेली असते. बॅटरी कितीही चार्ज करून १०.५ च्या आसपासच येऊन थांबत असेल तर एक सेल गेला असे समजावे, आणि तशा बॅटरीवर आणखी वेळ घालवू नये. व्होल्टेज फारच खाली गेलेले असेल तर टेस्टरचा पडदा लागतच नाही, कारण बहुतेक टेस्टर त्याच बॅटरीवर चालतात. टेस्टर बिघडला असे समजून तो परत करायला निघण्यापूर्वी दुसऱ्या गाडीवर लावून पाहावा.

मग मोजलेला सीसीए आणि अंतर्गत रोध पाहावा. हे दोन्ही एकाच मोजणीचे दोन चेहरे आहेत, एक वाढला की दुसरा घटतो. साधारण ५०० सीसीएच्या, भरलेल्या, चांगल्या बॅटरीचा रोध ५ ते ६ मिलिओहम असतो. मोठ्या बॅटरीचा त्याहून कमी आणि छोट्या बॅटरीचा जास्त, म्हणून दोन वेगवेगळ्या आकारांच्या बॅटऱ्यांचे मिलिओहम शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. आरोग्याची टक्केवारी प्रत्येक उत्पादक आपल्या सूत्राने काढतो. त्यापेक्षा मोजलेल्या सीसीएला लेबलावरच्या सीसीएने स्वतःच भागावे. ८० टक्क्यांच्या वर असेल तर काळजीचे कारण नाही. ६० च्या खाली असेल आणि बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर नवीन बॅटरीची तयारी करावी. मधल्या पट्ट्यात ऋतू पाहावा. थंडीत इंजिनचे तेल घट्ट होते, सेल्फला अधिक जोर लागतो आणि त्याच वेळी बॅटरीची ताकद घटलेली असते, त्यामुळे उन्हाळाभर बिनतक्रार चाललेली ६५ टक्क्यांची बॅटरी थंडीच्या पहिल्या पहाटे बसते. गंमत अशी की तिचे आयुष्य खरे तर उष्णतेने खाल्लेले असते, थंडी फक्त ते उघडकीस आणते.

आता त्या ‘पूर्ण भरलेली असेल तर’ या अटीबद्दल, कारण तिच्याकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. उतरलेल्या बॅटरीत आम्ल पातळ झालेले असते आणि प्लेटांवर सल्फेट बसलेले असते, त्यामुळे तिची वाहकता चांगल्या अवस्थेतही कमी येते. टेस्टर व्होल्टेज पाहून यासाठी थोडी सूट देतो, पण १२.२ च्या खाली ती सूट पुरेशी ठरेलच असे नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवर एकदा १२.१८ व्होल्ट, आरोग्य ४८ टक्के आणि ‘बदला’ असा निकाल आला होता. गाडी महिनाभर झाकून ठेवलेली होती. बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवली, सकाळी काढली, संध्याकाळपर्यंत तशीच राहू दिली. त्यानंतर १२.६८ व्होल्ट आणि आरोग्य ८४ टक्के. ती बॅटरी त्यानंतर दोन वर्षे चालली. म्हणून ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ असा निकाल आला तर तो अक्षरशः पाळावा, आणि ‘बदला’ असा निकाल १२.४ च्या खालच्या व्होल्टेजवर आला असेल तर त्यालाही ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ असेच वाचावे.

चार्ज करणे म्हणजे अर्धा तास फिरवून आणणे नव्हे. अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज तयार करणारे यंत्र) उतरलेल्या बॅटरीत सुरुवातीला भराभर चार्ज घालतो, पण शेवटचा हिस्सा हळूहळूच भरतो आणि त्याला अनेक तास लागतात. भिंतीवरच्या विजेवर चालणारा चार्जर वापरावा. क्षमतेच्या एक-दशांश प्रवाह हा जुना नेम आजही चांगला आहे, म्हणजे ४५ अॅम्पिअर-तासांच्या बॅटरीला साडेचार अॅम्पिअर. एजीएम असेल तर चार्जर त्या पर्यायावर ठेवावा. चार्जरने ‘भरली’ म्हटल्यावर किमान काही तास थांबून मगच टेस्टर लावावा. पूर्ण चार्ज, पूर्ण विश्रांती आणि तरीही ६० च्या खाली, असे दोनदा आले तर मात्र बॅटरी खरोखर संपलेली आहे.

सेल्फ मारताना आणि इंजिन चालू असताना

बहुतेक टेस्टरमध्ये या दोन चाचण्या वेगळ्या दिलेल्या असतात आणि लोक त्या पाहतच नाहीत. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, टेस्टरच्या तारा पंखा आणि पट्ट्यापासून दूर, एवढी खात्री करून दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगावे. सेल्फ फिरताना व्होल्टेज किती खाली गेले ते पडद्यावर येते. सामान्य तापमानात ते ९.६ च्या वर राहावे, निरोगी गाडीत बहुधा १० च्या वरच राहते.

हा आकडा आधीच्या आकड्यांशी जोडून वाचला की बरेच उलगडते. बॅटरीचे आरोग्य चांगले, व्होल्टेज १२.६, पण सेल्फ मारताना ते ९ च्या खाली कोसळते, तर संशय सेल्फवर घ्यावा, कारण तो प्रमाणाबाहेर प्रवाह खेचतो आहे. उलट सेल्फ रेंगाळत फिरतो किंवा नुसता टक्‌ असा आवाज येतो, पण बॅटरीवर व्होल्टेज साडेअकराच्या वर टिकून आहे, तर बॅटरी द्यायला तयार आहे आणि वाटेत काहीतरी अडवते आहे. सैल क्लॅम्प, गंजलेली अर्थिंगची तार, सेल्फचा सोलेनॉइड ही नेहमीची ठिकाणे. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर, किल्ली बंद करून, क्लॅम्पला बोट लावून पाहावे. एक क्लॅम्प दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागत असेल तर दोष तेथेच सापडला. अशा कितीतरी गाड्यांत नवी बॅटरी बसते, ती बसवताना क्लॅम्प घासून घट्ट केले जातात, गाडी सुरू होते आणि श्रेय बॅटरीला मिळते.

इंजिन सुरू झाल्यावर बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट दिसावेत. हेडलाइट, पंखा, मागच्या काचेचा हीटर असे सारे लावून इंजिन थोडे वाढवले तरी साडेतेराच्या आसपास राहावेत. इंजिन चालू असूनही १२.५ किंवा कमी असेल तर बॅटरी चार्ज होत नाही, आणि सतत १५ च्या वर राहत असेल तर रेग्युलेटर बिघडून बॅटरीचे पाणी उकळते आहे. मात्र अलीकडच्या अनेक गाड्यांत संगणक गरजेप्रमाणे अल्टरनेटरचे व्होल्टेज कमी-जास्त करतो. अशा गाडीत इंजिन चालू असताना काही वेळ १२.५ दिसले तरी तो बिघाड नसतो. हेडलाइट लावून, गाडी दहा-पंधरा मिनिटे चालवून पुन्हा पाहावे आणि मगच अल्टरनेटरला दोष द्यावा. पडद्यावर ‘रिपल’ (चार्जिंगच्या व्होल्टेजमधील भराभर होणारा चढउतार) असा आकडा येत असेल आणि तो अर्ध्या व्होल्टच्या वर असेल तर अल्टरनेटरमधील एखादा डायोड गेलेला असण्याची शक्यता बळावते.

सर्व आकडे चांगले आणि तरीही दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सुरू होत नाही, या तक्रारीचे उत्तर टेस्टरकडे नाही. तेथे गाडी बंद असताना कोणीतरी वीज खात असते. साधारण २० ते ५० मिलिअॅम्पिअर एवढा वापर गाडीच्या घड्याळ, अलार्म वगैरेंसाठी मान्य असतो. ५० मिलिअॅम्पिअर म्हणजे दिवसाला १.२ अॅम्पिअर-तास, आणि ४५ अॅम्पिअर-तासांची बॅटरी त्या हिशेबाने निम्मी व्हायला अठरा-एकोणीस दिवस लागतात. दोन दिवसांत उतरत असेल तर मल्टिमीटर किंवा क्लॅम्प मीटर घेऊन एकेक फ्यूज शोधण्याचे वेगळे काम हाती घ्यावे लागेल. नंतर बसवलेला कॅमेरा किंवा म्युझिक सिस्टिम आधी तपासावी.

नवीन बॅटरी बसवल्यावर टेस्टर लगेच दूर ठेवू नये. पहिल्या आठवड्यात एका सकाळी, गाडी सुरू करण्यापूर्वी, तिचे व्होल्टेज, सीसीए, मिलिओहम आणि त्या वेळचे तापमान मोजून घ्यावे. नवीन बॅटरी लेबलापेक्षा अनेकदा जास्त सीसीए दाखवते, तेव्हा ५०० च्या जागी ५६० दिसले तर गोंधळू नये. पुढे दर चार-सहा महिन्यांनी, शक्यतो तशाच सकाळी आणि त्याच टेस्टरने मोजून ५६० चे ५४०, ५४० चे ४७० होतात का ते पाहावे, कारण एका टेस्टरचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, पण एकाच टेस्टरचे आकडे आपापसांत जुळतात. एका फेरीत आकडा मोठी उडी मारून खाली आला तर बॅटरी चार्ज करून दुसऱ्याच दिवशी पुन्हा मोजावी. हे आकडे मी वहीत लिहीत असे आणि हवी तेव्हा ती वही सापडत नसे. आता पक्क्या शाईच्या मार्करने तारखेसह बॅटरीच्या डब्यावरच लिहितो, लेबलावरचा सीसीए आणि त्याचे मानक सर्वांत वर.